चाकांवरचं घर आणि म्हातारा गिअरबॉक्स

गेल्या रविवारी सकाळचा दुसरा चहा हातात होता, तेवढ्यात मोबाइलवर एक फोटो आला. पांढऱ्या कागदी रुमालावर तेलाचा एक डाग, एवढंच. खाली जावयांचा निरोप : ‘‘मामा, रंग असा आलाय. गाडी ठेवू की विकू?’’

आमच्या सौ.नी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘चहा सांडलाय होय?’’ पण ज्याचा जन्म गॅरेजात गेला त्याला असा डाग म्हणजे हातात दिलेली नाडी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल होतं ते. नवं असताना हे तेल कोकमच्या सरबतासारखं लालभडक असतं. ह्या डागाचा रंग काकवीवर गेला होता.

गाडी म्हणजे साधी कार नव्हे. अमेरिकेत ज्याला मोटरहोम म्हणतात ते चाकांवरचं घर. एकतीस फूट लांब, आत स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम, सहा माणसांची झोपायची सोय. १९८६ सालचं मॉडेल, सात-साडेसात लिटरचं पेट्रोल इंजिन आणि त्याला तीन गिअरचा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. जे झालं त्यात कंपनीपेक्षा आमचाच दोष जास्त होता, आणि त्यातला मोठा वाटा माझा होता. तेच आज लिहायचं आहे.

आमचे जावई मूळचे धारवाडचे. त्यांच्या घरी कन्नड, आमच्याशी मराठी, मुलाशी इंग्रजी. असली घरं आपल्या वाचकांना काही नवी नाहीत. २००८ साली त्यांनी हे धूड जुन्या बाजारात घेतलं आणि २००९च्या जूनमध्ये आम्ही दोघं आणि विहीणबाई तिकडं गेलो असताना सगळ्यांना त्यातून ग्रँड कॅनियन दाखवायचा बेत आखला. लॉस एंजेलिसहून निघायचं, वाळवंट ओलांडून लास व्हेगास, मग पुढं. लेकीनं आणि सौ.नी मिळून घर भरलं. वीस किलो बासमती (बेळगावचा नव्हे, पण नाव तेच), पिठं, लोणच्याच्या बरण्या, कुकर, दोन शेगड्या. पाण्याची टाकी साठ गॅलनची, म्हणजे सव्वादोनशे किलो नुसतं पाणी. सगळं मिळून साडेसहा टनांच्या घरात वजन गेलं असणार.

इथं पहिली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ट्रक भरून जातो, पण परतीला बरेचदा रिकामा येतो. त्याच्या गिअरबॉक्सला निदान अर्ध्या वाटेला विसावा मिळतो. घर कधी रिकामं होत नाही. मोटरहोमचा गिअरबॉक्स जन्मभर भरलेलीच गाडी ओढतो. वर समोरचा आकार कपाटासारखा उभा, त्यामुळं सपाट रस्त्यावरसुद्धा वाऱ्याशी कुस्ती चालू असते. गॅलनला सात-आठ मैल, म्हणजे आपल्या हिशेबानं लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर. ज्या गिअरबॉक्सवर हे ओझं टाकलं, तो मुळात मोठ्या कारसाठी आणि पिकअपसाठी घडवलेला असायचा.

हे गिअरबॉक्स वाईट नव्हते. उलट त्यातले काही तर लोखंडी हाडाचेच. क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७ हा १९६२चा, जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा १९६४चा आणि फोर्डचा सी-६ हा १९६६चा. तिघांनाही तीनच गिअर. सत्तरच्या दशकातली डॉजच्या चासीवरची विनेबेगोसारखी घरं टॉर्कफ्लाइटवर चालली, शेवरोलेच्या पी-३० चासीवरची टर्बो ४००वर. त्या टर्बो ४००ची प्रतिष्ठा एवढी, की रोल्स-रॉइस आणि फेरारीसारख्या कंपन्यांनीही स्वतःचा ऑटोमॅटिक न घडवता तो विकत घेऊन आपल्या गाड्यांत बसवला. ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक, हा आपल्याकडचा जुना समज. पण ह्या घराण्याचा पूर्वज, १९४०च्या मॉडेलसाठी ओल्ड्समोबाइलनं आणलेला हायड्रामॅटिक, दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांतही बसला होता.

मग घोटाळा कुठं होतो? उष्णतेत.

क्लचच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स क्लचप्लेटनं एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. ह्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये दोघांच्या मधे नुसतं तेल असतं. दोन टेबलफॅन तोंडाला तोंड लावून ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो, पण पहिल्याइतका कधीच नाही, थोडा मागंच राहतो. टॉर्क कन्व्हर्टरचं तत्त्व हेच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. मधे तिसरं एक पंख्याचं चाक बसवून परतणारं तेल वळवतात, त्यामुळं गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन मागं जातो. हर्मान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९०५ साली ही युक्ती शोधली ती जहाजांसाठी. जहाज पाण्यात, म्हणजे उष्णता टाकायला समुद्र होता!

तो जो दुसरा पंखा मागं राहतो, त्या फरकाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. हिशेब करून बघा. चढावर इंजिन दीडशे अश्वशक्ती देतंय आणि त्यातली दहा टक्के अशी घसरतेय असं धरलं, तर पंधरा अश्वशक्ती, म्हणजे अकरा किलोवॅट. आपल्या बाथरूममधले दोन किलोवॅटचे पाच-सहा गिझर एका गिअरबॉक्समध्ये एकदम चालू केल्यासारखं. आणि ही घसरण चढावर वाढतच जाते.

तेलाचा एक जुना ठोकताळा गॅरेजवाले सांगतात. ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास तेल राहिलं तर ते लाखभर मैल टिकतं. त्यापुढं दर अकरा अंशांना आयुष्य निम्मं. त्या हिशेबानं १३५ अंशांवर उरतात तीन हजार मैल. हा प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, अनुभवाचं गणित आहे. पण दिशा बरोबर आहे. आधी तेलाचा वार्निश होतो, मग रबरी सीलं वाळतात, मग आतल्या क्लचप्लेटी घसरून जळतात.

आता परत त्या जूनच्या दुपारी येतो.

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला जाताना वाटेत बेकर नावाचं छोटं गाव लागतं. तिथं १३४ फूट उंच थर्मामीटर उभा केलाय, कारण जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली १३४ अंश फॅरनहाइट उष्णता नोंदली गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा त्यावर १०८ दिसत होते, म्हणजे आपले बेचाळीस. बेकर सोडलं की चढण सुरू होते. पंचवीस-तीस किलोमीटरात नऊशे मीटरच्या वर चढायचं. पण गंमत अशी, की तो घाट वाटतच नाही. चोर्ल्याला किंवा आंबोलीला वळणंच तुम्हाला दुसऱ्या गिअरमध्ये आणतात. ड्रायव्हरची इच्छा असो वा नसो, घाट शिस्त लावतो. इथं रस्ता सरळ, रुंद, गुळगुळीत, क्षितिजापर्यंत दिसणारा. चढ आहे हे फक्त इंजिनाला कळतं. रस्त्याकडेला पाटी होती : इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा.

जावयांनी पाटी वाचली आणि हसून सोडून दिली. मागं दोन म्हाताऱ्या बसल्यात, त्यांना उकडेल, हा विचार. गिअरचा दांडा ‘डी’वर. ‘ऑटोमॅटिक आहे, त्याचं ते बघून घेईल.’

आणि ते खरंच बघत होतं! वेग पडला की जावई पाय दाबायचे. पाय दाबला की गिअरबॉक्स तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचा आणि इंजिन किंचाळायचं. तीन गिअरच्या डब्यात दुसरा आणि तिसरा यांत अंतर फार. टर्बो ४००मध्ये दुसऱ्याचं गुणोत्तर १.४८ आणि तिसऱ्याचं १. म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे एकदम दीडपट. मागून लेक ओरडायची, ‘‘अहो, काय हा आवाज!’’ मग जावई पाय उचलायचे. गिअरबॉक्स परत तिसऱ्यात, आवाज शांत, सगळे खूश. मिनिटभरात वेग पडला की पुन्हा तेच. वर-खाली, वर-खाली.

कानाला जे बरं वाटतं तेच गिअरबॉक्सला मारतं. तिसऱ्यात इंजिन शांत वाटतं खरं, पण ते कमी फेऱ्यांत जास्त जोर लावत असतं, आणि जोर जितका जास्त तितकं कन्व्हर्टरमध्ये तेल घसरतं. दुसऱ्यात इंजिन ओरडतं, पण फेरे जास्त, दर फेऱ्याला जोर कमी, घसरण कमी. पाठीवर पोतं घेऊन सौंदत्तीच्या डोंगराच्या पायऱ्या चढणारा माणूस लांब टांगा टाकत नाही, बारीक पावलं भराभर टाकतो. तसंच.

डॅशबोर्डखाली आधीच्या मालकानं गिअरबॉक्सच्या तेलाचा एक काटा बसवला होता. शहाणा माणूस असणार. जावयांना ते काय आहे हे माहीत नव्हतं. मला होतं. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो आणि तो काटा माझ्या गुडघ्याजवळ होता. निघालो तेव्हा १९० फॅरनहाइट. चढावर २२०. मग २४०. मग २५०.

मी बोललो नाही.

का बोललो नाही, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. जावयाची गाडी, जावयाचं घर, शेजारी बसलेला सासरा. तीस वर्षं गॅरेज चालवलं, शेकडो ड्रायव्हरांना तोंडावर शिव्या घातल्या, पण जावयाला ‘तुम्ही गाडी चुकीची चालवताय’ म्हणायला जीभ उचलेना. त्यात पाठीमागं विहीणबाई. त्यांच्या देखत त्यांच्या मुलाला शिकवायचं? मनात म्हणालो, अजून दोन मैल बघू. काटा २६५वर गेला, म्हणजे आपले १३० अंश. तरी दोन मैल बघू.

शेवटी बोलल्या त्या विहीणबाई. मागून त्यांचा आवाज आला, ‘‘एनो सुट्ट वासनी बराकत्तैती.’’ काहीतरी जळल्याचा वास येतोय. आयुष्यात कधी बॉनेट उघडलं नसेल त्यांनी. पण चुलीवर भात करपायला लागला की आधी कुणाला कळतं?

गाडी कडेला घेतली. जावई सवयीनं दांडा ‘पी’मध्ये टाकून इंजिन बंद करणार, तेवढ्यात मात्र मी हात धरला. दोन्ही गोष्टी चूक. इंजिन बंद केलं तर तेलाचा पंप बंद आणि तापलेलं तेल आहे तिथंच शिजत बसतं. आणि ‘पी’बद्दल सांगायचं, तर काही जुन्या गिअरबॉक्समध्ये, टॉर्कफ्लाइट त्यातलाच, ‘पी’मध्ये कन्व्हर्टरला तेलच जात नाही. मग थंड करणाऱ्या नळ्यांतून काय फिरणार? न्यूट्रलमध्येच ते फिरतं. शिवाय चढावर साडेसहा टन ‘पी’च्या एका लहानशा खिट्टीवर टांगायचे म्हणजे नंतर दांडा निघता निघत नाही. आधी हँडब्रेक करकचून, चाकाखाली दगड, मग न्यूट्रल, इंजिन चालू ठेवून फेरे थोडे वाढवायचे. एसी बंद. दारं-खिडक्या उघडून आम्ही सगळे बेचाळीस अंशांत गाडीच्या सावलीला उभे राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी काटा २००वर आला.

‘‘मामा, तुम्हाला आधी कळलं होतं?’’ जावयांनी विचारलं.

‘‘कळलं होतं.’’

ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

उरलेली चढण दांडा दुसऱ्यात ठेवून चढलो. ताशी पासष्ट किलोमीटर, धोक्याचे दिवे लावून, ट्रकांच्या रांगेत. इंजिन सारखं ओरडत होतं आणि काटा २२०च्या पुढं गेला नाही.

खरी परीक्षा उताराला होती. माउंटन पास ही त्या रस्त्यावरची सर्वांत उंच जागा, सुमारे १४४० मीटर. तिथून कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरच्या प्रिमपर्यंत एकसारखी उतरण, साडेसहाशे मीटरची. तीही सरळच. वरून खाली कोरड्या तळ्याचं पांढरं मैदान दिसतं आणि पाय आपोआप सैल होतो. झालेला उशीर भरून काढायला जावयांनी दांडा ‘डी’वर ढकलला.

ह्या वेळी मी बोललो. आवाज जरा चढलाच. ‘‘दुसऱ्यातच राहू द्या. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं.’’

आपल्या घाटातल्या ट्रक ड्रायव्हरचा हा पहिला पाठ. जुन्या ऑटोमॅटिकला तो दुप्पट लागू पडतो. कारण गाडी उतरताना चाकं इंजिनाला फिरवू बघतात आणि मधे परत तेच घसरणारं तेल. क्लचच्या गाडीसारखी इंजिनाची घट्ट पकड मिळत नाही. वरच्या गिअरमध्ये तर जवळजवळ काहीच मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर. एवढ्या वजनाला मैलोन् मैल ब्रेक दाबून धरला की लायनर तापतात, आणि एका टप्प्यानंतर पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये निदान अर्धा भार इंजिन पेलतं. ब्रेक मधे मधे, नीट दाबून, मग पूर्ण सोडायचा.

मागून विहीणबाई म्हणाल्या, ‘‘सावकाश होडीपा.’’ बाकी कन्नड न कळणाऱ्या मराठी माणसालाही ह्यातला पहिला शब्द कळतो. आपल्या भागातल्या दोन्ही भाषांत तो एकच आहे.

प्रिमला जिथं थांबलो, तिथं शेजारीच आमच्यापेक्षा मोठं एक घर उभं होतं आणि त्याच्या पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. त्याचा मालक पाण्याची बादली घेऊन आला, त्याला जावयांनीच धावत जाऊन थांबवलं. लालबुंद तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलं तर ड्रम तडकतो.

लास व्हेगासच्या एका गॅरेजमध्ये तेलाचं चेंबर उतरवलं. तेल काळपट, वास करपलेल्या कांद्यासारखा, पण तळाला धातूचे कण नव्हते. वाचलो. नवं तेल, नवी जाळी आणि रेडिएटरच्या पुढं एक जास्तीचा ऑइल कूलर. मुळातला कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो, म्हणजे गिअरबॉक्स तापला की इंजिन तापतं आणि इंजिन तापलं की गिअरबॉक्स. दोघं एकाच पाण्यात. वेगळा कूलर ही जुन्या मोटरहोमवर करायची पहिली दुरुस्ती, आणि तेलाचा काटा दुसरी. दोन्ही मिळून चारशे डॉलरच्या आत बसतं. नवा गिअरबॉक्स बांधायचा झाला तर हजारांत जातं.

हे सगळं पेट्रोलच्या पुढच्या इंजिनाबद्दल झालं. दोन वेगळ्या जातींबद्दल थोडं लिहायला हवं, कारण मागं एका वाचकांनी विचारलं होतं, की त्यांच्या मुलानं शिकागोला ‘पुशर’ बघून ठेवलंय ते घ्यावं का.

पुशर म्हणजे इंजिन मागं, बहुधा डिझेल. ऐंशी आणि नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच हलक्या पुशरना ॲलिसनचा एटी-५४५ हा चार गिअरचा डबा आहे. शाळेच्या बसमध्ये तो खूप वापरला गेला आणि थांबत-थांबत जाणाऱ्या बसला उत्तमच. पण त्यात लॉकअप नाही. लॉकअप म्हणजे वेग आल्यावर ते दोन पंखे एकमेकांना क्लचनं जोडून टाकायचे, घसरण बंद. ते नसल्यामुळं लांब घाटात एटी-५४५ तापतो, आणि डिझेल इंजिनाला एक्झॉस्ट ब्रेक बसवला तरी उताराला त्याचा फारसा उपयोग होत नाही, पकडच नाही तर ब्रेक धरणार कशाला? त्याचा मोठा भाऊ एमटी-६४३ लॉकअपसह येतो. आणि १९९१पासून कंपनीनं जी कॉम्प्युटरवर चालणारी सहा गिअरची मालिका काढली, ती तर वेगळीच पिढी. तेव्हा पुशर बघायला गेलात तर आतले पडदे आणि सोफे बघण्याआधी गिअरबॉक्सवरची पाटी वाचायला सांगा मुलाला.

दुसरी जात जीएमसीची. १९७३ ते १९७८ एवढीच सहा वर्षं निघालेली, सुमारे तेरा हजार गाड्या. ओल्ड्समोबाइल टोरोनाडो ह्या कारची अख्खी पुढची यंत्रणा उचलून घराला लावली. इंजिन पुढं, ओढणारी चाकंही पुढचीच, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या मागं नव्हे तर बगलेला! दोघांना जोडणारी दोन इंच रुंदीची साखळी. मागं जाणारा प्रॉपेलर शाफ्टच नाही, म्हणून घराची जमीन इतकी खाली, की आजीला चढायला स्टूल लागू नये. तो टर्बो-हायड्रामॅटिक ४२५ म्हणजे टर्बो ४००चाच चुलतभाऊ. आज पन्नास वर्षांनंतरही हौशी लोक त्या गाड्या चालवतात. ॲल्युमिनियमचं हलकं अंग आणि मालकांनी घेतलेली काळजी, ही त्याची कारणं. मला विचाराल तर मोटरहोममध्ये इतकं डोकं लावून बांधलेली दुसरी गाडी नाही. पण दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीच्या पाठीची काळजी त्या इंजिनिअरांनी केली नव्हती, हेही खरं.

१९८९नंतर फोर्डचा ई-४ओडी आणि १९९१पासून जनरल मोटर्सचा ४एल८०-ई आला. चौथा ओव्हरड्राइव्ह गिअर आणि लॉकअप, दोन्ही. सपाटीला इंजिन शांत, पेट्रोलही थोडं वाचतं. मात्र चढावर ते तिसरा-चौथा, तिसरा-चौथा असं झुलत बसतात. तिथं ओव्हरड्राइव्हचं बटण बंद करायचं. हे न करणारे तीन गिअरच्या काळातले लोकच असतात, असं नाही.

आता रविवारच्या डागाकडं. मी लगेच फोन लावला आणि चार प्रश्न विचारले. तेल गरम असताना बघितलं का? (जुनी गाडी महिनोन् महिने उभी राहिली की कन्व्हर्टरमधलं तेल चेंबरात उतरतं, इंजिन बंद ठेवून पट्टी काढली तर तेल भरपूर दिसतं, आणि फसगत होते.) चोळून बघितलं का, कचकच लागते का? वास कसा आहे? आणि तेल कमी होतंय पण खाली गळत नाही, असं आहे का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. टर्बो ४०० आणि सी-६ ह्या डब्यांना एक व्हॅक्युम मॉड्युलेटर असतो, इंजिनावर किती भार आहे हे गिअरबॉक्सला सांगणारा. त्यातला रबरी पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचंच तेल ओढून पितं आणि मागून पांढरा धूर सोडतं. माणसं धूर बघून इंजिन उघडतात, हजारो रुपये घालवतात, आणि दोष असतो मूठभर आकाराच्या एका डबीत.

जावयांची उत्तरं समाधानकारक होती. वास नाही, कचकच नाही, तेल कमी नाही. ‘‘चेंबर उतरवा,’’ म्हटलं, ‘‘आणि तळाचा फोटो पाठवा.’’

बुधवारी फोटो आला. तळाला राखी रंगाचा पातळ थर, बोटानं ओढल्यावर रेघ उमटेल एवढाच. चकाकणारे कण नाहीत, क्लचप्लेटीचे काळे तुकडे नाहीत. चाळीस वर्षांच्या डब्याला एवढी झीज साजेशीच. जुन्या डब्याचं तेल बदललं की तो मरतो, अशी एक समजूत तिकडच्या गॅरेजांतही आहे. जळून गेलेला डबा तेल बदलून वाचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा जळलेला नव्हता. चेंबरातलं तेल आणि जाळी बदला, मशिन लावून दाबानं सगळं धुऊन काढू नका, आणि विकू नका, असं कळवलं.

आमचा नातू आता गाडी चालवतो. येत्या उन्हाळ्यात आईवडिलांना आणि आजीला घेऊन त्याला तोच रस्ता करायचाय, बेकरवरून. खरं तर विकू की ठेवू ह्या प्रश्नाच्या मागं हे होतं. जावयांना गाडीची काळजी नव्हती. शुक्रवारी रात्री नातवाशी तासभर बोललो. काटा कुठं आहे, दुसरा गिअर चढाच्या आधी कधी टाकायचा, उतरताना काय करायचं, थांबल्यावर दांडा कुठं ठेवायचा. ‘‘आणि तुझे बाबा शेजारी बसून काही बोलले तर?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘ते तर सारखं बोलतच असतात, आजोबा.’’

मग फोन विहीणबाईंनी घेतला. ऐंशी उलटल्यात, आवाज अजून तसाच खणखणीत. म्हटलं, तुम्ही पण निघालात म्हणे?

‘‘हौदु,’’ म्हणाल्या, ‘‘वासनी बंद्र ना हेळतीनि.’’ वास आला तर मी सांगते.